कंपनाने वाट दाखवायची तर मोटर कुठे बसवावी: कमर, मनगट की बूट?

दृष्टिबाधितांना स्पर्शाने रस्ता दाखवणारं उपकरण बनवायला घेतलं असेल, तर सर्किटच्या आधी जागा ठरवा. चौक ओलांडताना रिक्षा कुठून येतेय हे कानांनाच कळतं, म्हणून दिशा त्वचेकडे सोपवायची. पण कुठल्या त्वचेकडे?

माझा कौल कमरेला. पट्ट्यात गोलाकार मोटरी बसवल्या की जिकडे वळायचं तिकडचीच मोटर थरथरते, डोक्यात काही उलगडावं लागत नाही. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठातल्या ‘फीलस्पेस’ प्रयोगांत पट्ट्यातली उत्तरेकडची मोटर सतत कंप पावत असे. त्याच कामातून पुढे ‘नावीबेल्ट’ आला. कमरेवर बेंबीजवळ आणि कण्याजवळ जागा चटकन ओळखू येते, कुशीकडे तितकी नाही. त्यामुळे सुरुवातीला आठ मोटरी पुरेत. पट्ट्याची खरी पंचाईत कपड्यांची. साडीच्या निऱ्यांवरून किंवा सैल कुर्त्यावरून कंपन अंगापर्यंत नीट पोचत नाही, आणि मे महिन्यात घाम येतो तो वेगळाच. शिवाय पट्ट्याला दिशा कळते ती होकायंत्राच्या सेन्सरमुळे, आणि लोखंडी पादचारी पुलावर तो भरकटतो.

मनगटी पट्टा स्वस्त, चटकन बांधता येणारा. मात्र एकाच मोटरीला दिशा दाखवता येत नाही, तिला खुणांची भाषा लागते: दोन झटके म्हणजे उजवीकडे, एक लांब म्हणजे थांबा. ती चालताचालता आठवावी लागते. ‘वेबँड’ नावाच्या मनगटी पट्ट्याने सोपा मार्ग काढला, वाट चुकली की कंपन, बरोबर असली की शांतता. 2017 च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अंध धावपटू सायमन व्हीटक्रॉफ्ट तो बांधून धावले. एक पथ्य मात्र पाळाच: काठीच्या हाताला काही बांधू नका. काठीचं टोक फरशीवरून मातीवर गेलं की मुठीत येणारी थरथर बदलते, आणि तीच तर वाचायची असते.

इथे आयआयटी दिल्लीच्या ‘स्मार्टकेन’शी गल्लत नको. काठीच्या मुठीवर बसणारं ते उपकरण ध्वनिलहरींनी साधारण तीन मीटरपर्यंतचा, गुडघ्याच्या वरचा अडथळा सांगतं. कुठे वळायचं, हे त्याचं काम नाही.

बुटाची कल्पना, म्हणजे ‘लेचल’ या कंप पावणाऱ्या बुटांसारखी, ऐकायला सर्वांत सहज: डावीकडे वळायचं तर डावा बूट थरथरेल. तरी मी ती घेणार नाही. शरीर हलत असताना त्वचेची जाण मंदावते. मेट्रो स्थानकातल्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा तळपायानेच वाचायच्या असतात. आणि आपल्याकडे घराच्या, देवळाच्या दाराशी चप्पल काढावीच लागते.

जागा कुठलीही निवडा, फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे होतं. म्हणून वळणाची खूण आधीपासून द्या, नेमकी कड काठीला शोधू द्या. पैसे कमी असतील तर मोकळ्या हाताला मनगटी पट्टा बांधून सुरुवात करा. पण चाचणीला डोळ्यांवर पट्टी बांधलेले मित्र आणू नका. वर्षानुवर्षं काठी वापरणाऱ्यांना पहिल्या नमुन्यापासून सोबत घ्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.