हॅकआरएफ वन आणि जीपीएस-एसडीआर-सिम: टेबलावरचा जीपीएस सिम्युलेटर

खिडकीत अँटेना ठेवून जीपीएस रिसीव्हर तपासला की आजचा निकाल उद्याशी जुळत नाही, कारण वरचं आकाश सतत बदलत असतं. तेच आकाश पुन्हापुन्हा हवं तर सिम्युलेटरच लागतो. व्यावसायिक यंत्र छोट्या कंपनीला परवडत नाही. फर्मवेअरच्या (रिसीव्हरमध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) रोजच्या तपासणीला मात्र हॅकआरएफ वन (संगणकाला जोडायचं रेडिओ यंत्र) आणि जीपीएस-एसडीआर-सिम (जीपीएसचा सिग्नल तयार करणारा प्रोग्रॅम) ही मुक्तस्रोत जोडी खरोखर पुरते.

प्रोग्रॅमला त्या दिवसाची रायनेक्स नेव्हिगेशन फाइल (उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळांची माहिती) आणि अक्षांश-रेखांश-उंची द्यायची. आउटपुट ८ बिटच निवडा. न सांगितल्यास तो १६ बिट काढतो आणि ते हॅकआरएफला चालत नाही. २.६ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगला ५ मिनिटांची फाइल सुमारे १.५६ जीबी होते. ती हॅकआरएफमधून जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर सोडायची.

घोडं अडतं ते क्लॉकपाशी. हॅकआरएफमधल्या मूळ क्रिस्टलची चूक २० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २० भाग) असू शकते, म्हणजे या वारंवारतेला साडेएकतीस किलोहर्ट्झ. जमिनीवरच्या रिसीव्हरला उपग्रहाचा डॉप्लर (गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) जेमतेम ५ किलोहर्ट्झचा दिसतो, त्यामुळे तो इतक्या लांब शोधतच नाही. उपग्रह शून्य दिसले की लोक गेन (सिग्नलची ताकद) वाढवत बसतात; त्याने काही होत नाही. ०.५ पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानानुसार चूक भरून काढणारा क्रिस्टल) बसवा किंवा क्लॉक-इनला बाहेरून १० मेगाहर्ट्झ द्या.

जोडणी केबलनेच करा. रिसीव्हर अ‍ॅक्टिव्ह अँटेनासाठी ३ ते ५ व्होल्ट बाहेर सोडतो, म्हणून त्याच्या तोंडाशी आधी तो विद्युतदाब अडवणारा डीसी ब्लॉक, मग सिग्नल क्षीण करणारे ३० डीबीचे दोन अ‍ॅटेन्युएटर. हॅकआरएफचा अँप्लिफायर बंद, गेन शून्यापासून. रिसीव्हरवर सिग्नल-नॉइज घनता (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती ठळक) ४० ते ४५ डीबी-हर्ट्झ दिसली की थांबा. अँटेना लावून प्रक्षेपण अजिबात करू नका: शेजारच्यांचे फोन चुकीची जागा दाखवतील, शिवाय तो गुन्हा आहे.

प्रत्येक चाचणीआधी कोल्ड स्टार्ट द्या, म्हणजे रिसीव्हर आधीचं सगळं विसरून सुरू होतो. नाहीतर रिसीव्हर जुनी वेळ आणि अल्मनॅक (उपग्रहांच्या कक्षांची ढोबळ माहिती) धरून बसतो आणि फिक्स, म्हणजे जागा सापडणं, लांबतो.

सगळ्यात मोलाची चाचणी आठवड्याच्या रोलओव्हरची: जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. असा पुढचा क्षण, २० नोव्हेंबर २०३८ची मध्यरात्र, आजच टेबलावर आणता येते. टीओसी-टीओई (फाइलमधल्या घड्याळ आणि कक्षेच्या माहितीच्या संदर्भवेळा) नव्या वेळेवर आणण्याचा पर्याय तेवढा चालू ठेवा. तारीख १०२४ आठवडे मागे गेली, तर दोष फर्मवेअरचा.

मर्यादा मोठी आहे: फक्त जीपीएस एल१ सी/ए, म्हणजे जीपीएसचा मूळ नागरी सिग्नल. परावर्तित सिग्नल नाहीत, नाविक (भारताची उपग्रह दिशादर्शन प्रणाली) नाही. त्यामुळे एआयएस-१४० (वाहनांच्या ट्रॅकरसाठीचं भारतीय मानक) ट्रॅकर पुण्याला एआरएआय या वाहन चाचणी संस्थेकडे पाठवण्याआधीची पूर्ण तपासणी यावर होणार नाही. त्यासाठी नाविकचा एल५ सिग्नल देणारा सिम्युलेटर भाड्याने घ्यावा.