रॅम वाढवायला गेले आणि चांगली होती तीही देऊन आले

आधी आकडा सांगून टाकते. १३,६५० रुपये गेले. माझ्या कॉम्प्युटरमध्ये आधी ८ जीबी रॅम होती, आजही ८ जीबीच आहे.

मी घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दिवाळीत एखादा अंक. कोरल आणि इनडिझाइन रोज हाताखालचं, त्यामुळे "बाईमाणूस, काही कळत नसेल" असं कुणी मनात आणू नका. कॅबिनेटच्या आत काय असतं ते मात्र कधी बघितलं नव्हतं, आणि का बघावं? फ्रिज वापरणारा माणूस कॉम्प्रेसर उघडून बघतो का?

मशीन २०१९ मध्ये असेम्बल करून घेतलेलं. आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, रॅमचे दोन स्लॉट, एकात चांगल्या कंपनीची ८ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी), दुसरा रिकामा. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ११ टाकून घेतलं, आणि ऐन लग्नसराईत पत्रिकेची मोठी फाइल उघडायला टाकली की तोवर चहा होऊन थंडही व्हायला लागला. उपाय सरळ होता. रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक ८ ची स्टिक. बस.

नागपूरच्या सीताबर्डीला गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

काउंटरवरच्या पोराने पहिलं वाक्य टाकलं ते खरंच होतं. "ताई, रॅमचे भाव लय वाढले." वाढलेच होते. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा सगळा माल ओढलाय, डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पेपरात वाचलेलं, त्यामुळे मान हलवली. पहिलं वाक्य खरं निघालं की पुढची चार खोटी त्याच भावात खपतात.

पुढची अशी. एक, नवी आणि जुनी रॅम एकत्र लावली की मशीन हँग होतं. दोन, ड्युअल चॅनलसाठी (दोन स्टिक जोडीने जास्त वेगात चालाव्यात म्हणून) एकाच कंपनीची जोडीच लागते. तीन, "नागपूरचं ऊन माहीत आहे ना ताई, मे महिन्यात ४५ च्या वर जाते, हीटसिंकवालीच घ्या, साधी जळते." चार, जुनी आता काही कामाची नाही, एक्सचेंजमध्ये १,२०० लावून देतो.

आता माहीत झालंय ते सांगते. डीडीआर४ (माझ्या मशीनमधल्या रॅमचा प्रकार) च्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक बहुतेक वेळा एकत्र सुखाने चालतात, फक्त दोन्ही कमी वेगवालीच्या चालीने जातात. ड्युअल चॅनलही चालतं. डीडीआर४ फक्त १.२ व्होल्टवर चालते, घरगुती मशीनमध्ये तिला पत्र्याचं जाकीट, म्हणजे तो हीटसिंक, लागत नाही. ते जाकीट गरमीसाठी नव्हतंच, आतल्या चिपा झाकायला होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, भाव चढलेत असं ज्या तोंडाने सांगत होता त्याच तोंडाने माझी चालू, अस्सल ८ जीबी १,२०० ला मागत होता. हे त्या वेळी कुणाच्याही डोक्यात आलं नसतं, कारण समोरून सहा प्रश्न एकदम येत असतात.

हिशोब: दोन स्टिकचे ८,६००, वजा जुनीचे १,२००, बसवायचे ३००. एकूण ७,७००. पक्कं बिल मागितलं. "बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल ताई, उगाच कशाला?" मग एका कोऱ्या चिठ्ठीवर "१६ जीबी रॅम, १ साल वॉरंटी" आणि शिक्का. पैसे यूपीआयने, आणि स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नाही, कुणा माणसाचं. इथे थांबा. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव आलं नाही तर पैसे पाठवू नका. नंतर मला सांगण्यात आलं की तो मुलगा काम सोडून गेला, पैसे त्याच्याकडे मागा.

कॅबिनेट प्लायवूडच्या पार्टिशनमागे नेलं. "आत एअर ब्लोअर आहे, धूळ काढून देतो." बाहेर आलं तेव्हा रॅम बसलेली, हातात रिकामं खोकं. त्याची मागची बाजू ब्लेडने कापलेली. "टेस्टिंगसाठी उघडावं लागते." जुनी स्टिक डोळ्यांनी पुन्हा दिसलीच नाही.

आणि आता ते, जे आठवलं की अजून रात्री झोप उडते. त्याने मॉनिटर जोडून टास्क मॅनेजर (मशीनची माहिती दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, मेमरीवर क्लिक केलं. वर १६.० जीबी. बोट तिथे ठेवलं, "बघा ताई." माझी नजर खाली गेली, कारण आकडे तपासणं हा माझा धंदाच आहे, पत्रिकेत तारीख चुकली तर लग्न चुकतं. खाली स्पीड: २१३३. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३२००. मी विचारलंही. हो, विचारलं! "हे २१३३ कसं?" तो क्षणभरही अडखळला नाही. "तुमचा प्रोसेसर जुना आहे ना ताई, तो ३२०० घेतच नाही." आणि खिडकी बंद केली.

यात अर्धं खरं आहे, तेच तर विष. आय५-८४०० खरोखर ३२०० घेत नाही. पण तो २६६६ पर्यंत घेतो. म्हणजे ३२०० ची अस्सल स्टिक नीट सेट करून लावली असती तर तिथे २६६६ दिसू शकलं असतं. २१३३ दिसलं म्हणजे स्टिकच तेवढीची असल्याचा संशय घ्यायला हवा होता. हे गणित दुकानात उभ्या-उभ्या कुणी करणार? प्रोसेसर घेतो तो वेग घरून चिठ्ठीवर लिहून न्या, आणि लेबलवर छापलेला वेग आणि स्क्रीनवरचा वेग दुकानातच त्याच्याशी ताडून बघा.

आठवड्याच्या आत निळी स्क्रीन सुरू झाली. एका वधूपित्याची फाइल सेव्ह होता-होता गेली. आमच्या गल्लीतल्या टेक्निशियन भाऊंनी आधी पिना खोडरबरने पुसल्या, मग रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला. सकाळी स्क्रीन एररने लाल. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये, म्हणजे स्टिकमध्येच नोंदलेली माहिती दिसते तिथे, एका स्टिकचं उत्पादन २०१६ चं निघालं, दुसरीच्या कंपनीची जागा रिकामी. भाऊंनी हेअर ड्रायरने गरम करून पत्रा हळूच काढला. आत दोन स्टिकवर दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपा, एकीवर जुन्या स्टिकरचा डिंक अजून चिकट. त्यांचे ५०० झाले, आणि काम अडलेलं म्हणून पक्क्या बिलावर, सीरियल नंबर लिहून घेऊन, एक नवी ८ जीबी आणली ५,४५० ला. करा बेरीज.

दुकानदार म्हणाला, पत्रा काढला, वॉरंटी गेली. फारच वाटत असेल तर १,५०० देतो.

पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न: "घरी कोणी जेंट्स नाही का?" दुसरा: "सात हजाराचंच आहे ना?" मग चिठ्ठी उलटसुलट करून, "कॉम्प्युटरचं आहे, सायबरला जा." तिथे विचारलं, लिंक आली होती का? ओटीपी दिला का? नाही. मग हे सायबर नाही, आपल्या ठाण्यात जा. परत ठाण्यात. आता ती दिवाणी बाब झाली होती. मी म्हटलं साहेब, एक माल सांगून दुसरा दिला, माझी वस्तू ठेवून घेतली, यात दिवाणी काय? १ जुलै २०२४ ला फसवणुकीचं कलम ४२० जाऊन नव्या कायद्यात ३१८ आलं, म्हणून फसवणूक कायदेशीर झाली का? त्यावर, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता, मग बिल का नाही घेतलं?" म्हणजे चोर सुटला, माझीच उलटतपासणी. अर्ज शेवटी ठेवून घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. ते जेवण अजून आटोपलेलं दिसत नाही.

कुणीही सांगितलं नाही, ते मी वाचून काढलं: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे "बिल का नाही घेतलं" हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, नंबर जपून ठेवा. खोकं फेकू नका, स्टिकचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आणि जुनी रॅम कुणालाही देऊ नका, बिघडलेली म्हटली तरी घरी आणा. कॅबिनेट पार्टिशनमागे जायला लागलं तर उचलून घरी या. रॅम बसवायला दोन खटके आणि दोन मिनिटं लागतात, ते काउंटरवर होतं.

मी ऑनलाइन तक्रार टाकली, दुकानाच्या पानावर फोटोंसकट सगळं लिहिलं. काम सोडून गेलेल्या त्या मुलाचाच परवा मेसेज आला. "ताई, रिव्ह्यू काढून टाका, २,००० पाठवतो, जुनी रॅम तर विकली गेली." त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलाय.