द बोर्न अल्टिमेटम: हलत्या कॅमेऱ्यामागची शिस्त

‘द बोर्न अल्टिमेटम’ हा हॉलिवूडचा हेरपट २००७ साली आला आणि तेव्हापासून त्याच्याबद्दलची एक तक्रार काही थांबलेली नाही: कॅमेरा फार हलतो, डोकं धरतं, कोण कोणाला मारतंय तेच समजत नाही. डोकं धरण्यावरून मी कुणाशी वाद घालणार नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना हा सिनेमा थिएटरात पुढच्या रांगेतून बघवणार नाही, हे खरं आहे. पण ‘समजत नाही’ हे मला मुळीच मान्य नाही. पाठलागाच्या सिनेमांमध्ये इतकं स्वच्छ समजणारं काम मी फार थोडं पाहिलंय.

मी एका मराठी वृत्तवाहिनीत व्हिडिओ एडिटर आहे. मोर्चे, पूर, दहीहंडी, नेत्यांच्या गाड्यांमागे माइक घेऊन धावणारे पत्रकार, हे सगळं रोज माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर येऊन पडतं. खऱ्या गर्दीतला कॅमेरा कसा हलतो ते त्यामुळे डोळ्यांत मुरलंय. तो उगाच हलत नाही. कॅमेरामनला बाजूने कसलातरी आवाज येतो, तो वळतो, क्षणभर कुणाची तरी पाठ फ्रेम अडवते, मग फोकस सापडतो, आणि तोवर घडणारी गोष्ट अर्धी घडून गेलेली असते. त्या हलण्यामागे शोध असतो. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रासने नेमकं हेच उचललंय. तो मूळचा ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमातला माणूस. उत्तर आयर्लंडमध्ये १९७२ साली ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर केलेल्या गोळीबारावर त्याने ‘ब्लडी संडे’ केला, तोही एखाद्या बातमीदाराने गर्दीत शिरून टिपावा तसा. म्हणजे हँडहेल्ड कॅमेरा त्याच्या हातात ॲक्शनपटांच्या आधीपासून होता.

गोष्ट थोडक्यात. जेसन बोर्न (मॅट डेमन) हा सीआयएने घडवलेला मारेकरी. त्याची स्मृती गेलेली आहे. पहिला भाग २००२ चा, डग लायमनचा. दुसरा २००४ चा, ग्रीनग्रासचा. दुसऱ्याची सुरुवात गोव्यात होते. बोर्न आणि त्याची प्रेयसी मारी तिथे लपून राहत असतात, आणि मारीचा जीव तिथेच जातो. तिसऱ्या भागात बोर्न तिच्या भावाला ती बातमी सांगायला पॅरिसला जातो तेव्हा मॅट डेमनच्या चेहऱ्यावर ते ओझं दिसतं. इकडे लंडनच्या ‘द गार्डियन’चा पत्रकार सायमन रॉस ‘ब्लॅकब्रायर’ नावाच्या एका गुप्त मोहिमेच्या जवळ पोहोचलेला असतो. तो मोबाइलवर संपादकाशी बोलताना हे नाव उच्चारतो, आणि कुठेतरी एक यंत्रणा ते टिपून घेते. तिथून सगळं सुरू होतं. सिनेमा आला तेव्हा हे जरा अतिरंजित वाटायचं. सहा वर्षांनी, २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेनने फोडलेली अमेरिकी सरकारी पाळतीची कागदपत्रं छापणाऱ्यांत हेच ‘द गार्डियन’ होतं. आज तो प्रसंग बघताना अंगावर काटा येतो.

मग मॉस्को, तुरिन, पॅरिस, लंडन, माद्रिद, टँजियर, न्यूयॉर्क, आणि सगळं ११५ मिनिटांत.

मला खरं बोलायचंय ते लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरच्या प्रसंगाबद्दल. आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवते आणि विचारते, काय चाललंय ते सांगा. सगळी सांगतात. एकाही संवादाशिवाय.

प्रसंगाची मांडणी अशी: बोर्नने रॉसला स्टेशनच्या बाहेर भेटायला बोलावलंय. रॉसच्या मागे सीआयएची माणसं आहेत, हे रॉसला माहीत नाही, बोर्नला दिसतंय. न्यूयॉर्कमध्ये एका खोलीत सीआयएचा अधिकारी नोआ व्होसेन (डेव्हिड स्ट्रॅथर्न) स्टेशनचे सीसीटीव्ही बघत बसलाय, पण रॉस कोणाला भेटायला आलाय हे त्याला माहीत नाही. आणि पाझ नावाचा नेमबाज वाटेत आहे, ज्याची खबर बोर्नलाही नाही. चौघांपैकी प्रत्येकाकडे माहितीचा एकेक तुकडा. बोर्न दुकानातून एक प्रीपेड फोन घेतो, गर्दीत रॉसच्या खिशात टाकतो आणि कानात बोलायला लागतो. थांब. बुटाची नाडी बांध. आता चाल.

इथे ख्रिस्तोफर राउझचं संकलन बघा. बोर्न बघतो. तो काय बघतोय ते दिसतं: वळणारा एक कॅमेरा, कानात यंत्र घातलेला एक माणूस. मग सूचना. मग रॉस हलतो. मग न्यूयॉर्कच्या पडद्यावरून रॉस नाहीसा होतो. मग व्होसेनचा चेहरा. पुन्हा बोर्न. या सिनेमातला शॉट सरासरी दोन सेकंदांच्या आसपासच टिकतो, पण प्रेक्षक हरवत नाही, कारण प्रत्येक शॉट आधीच्या शॉटने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतो. वेग येतो तो कोणाला काय कळलं आणि कोणाला अजून कळायचंय यातून. कॅमेरा स्थिर ठेवून हाच क्रम लावला असता तरी छातीत धडधडलं असतं. हलणाऱ्या कॅमेऱ्याने त्यावर घाम आणला, एवढंच.

आणि ती गर्दी! हे चित्रीकरण चालू स्टेशनात, खऱ्या प्रवाशांमध्ये केलेलं आहे. दादर आणि सीएसएमटीचं फुटेज वर्षानुवर्षं कापल्यावर पैसे देऊन आणलेली गर्दी मला लगेच ओळखू येते. ती माणसं एकमेकांना वाट देत चालतात. खऱ्या स्टेशनात प्रत्येक जण आपल्या गाडीच्या हिशेबाने निघालेला असतो, कोणाचंही कोणाकडे लक्ष नसतं, मधूनच एखादा थबकतो आणि मागचा त्याच्यावर आपटतो. वॉटर्लूमध्ये हे सगळं आहे. म्हणून रॉस एका क्षणी घाबरतो आणि बोर्नने ‘हलू नको’ सांगितलेलं असूनही पळ काढतो, तेव्हा राग येत नाही. पॅडी कॉन्सिडाइनने तो माणूस इतका साधा, इतका आपल्यातला ठेवलाय की आपणही तिथे पळालोच असतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेलच.

मोरोक्कोतल्या टँजियर शहरातला पाठलाग याहून सरळ आहे आणि त्याचा सरळपणाच त्याचं बळ. डेश नावाचा मारेकरी बोर्नला मदत करणाऱ्या सीआयएच्या निकीच्या (जुलिया स्टाइल्स) मागे, बोर्न डेशच्या मागे, पोलीस बोर्नच्या मागे. मारेकरी गल्लीत खाली, बोर्न गच्च्यांवरून वर. एका भिंतीच्या माथ्यावर काचा रोवलेल्या आहेत, आपल्याकडे कंपाउंडवर रोवतात तशाच. बोर्न दोरीवर वाळत घातलेले कपडे ओढतो, हाताला गुंडाळतो आणि चढतो. दोन-तीन शॉट, खेळ खलास. हा माणूस कसा विचार करतो हे सांगायला एक वाक्यही खर्च होत नाही. शेवटी तो गल्लीच्या पलीकडच्या खिडकीत उडी घेतो आणि कॅमेरा त्याच्या पाठोपाठ हवेत जातो. हे संगणकावर केलेलं नाही. हातात कॅमेरा घेतलेल्या स्टंटमनने खरोखर मागून उडी मारलीय. ते माहीत नसतानाही पोटात गोळा येतो, कारण कॅमेऱ्यालाही वजन आहे हे डोळ्यांना कळतं.

खिडकीच्या आत जी मारामारी होते ती मी ध्वनीसाठी बघते. तोपर्यंत जॉन पॉवेलचं संगीत सारखं ढोल बडवत मागे असतं. खोलीत शिरल्यावर ते थांबतं. मग फक्त श्वास, भिंतीवर आपटणारं अंग, फरशीवर घसरणारे बूट. हत्यारं म्हणजे हाताला लागेल ते: पुस्तक, वस्तरा, टॉवेल. मारामारी जेफ इमादाने बसवलीय. कट बहुतेक फटका बसण्याच्या क्षणावर येतात, त्यामुळे फटका अर्धा दिसतो आणि पूर्ण ऐकू येतो. मरायला वेळ लागतो. संपल्यावर बोर्नच्या चेहऱ्यावर विजय नाही, आणि निकीने हे सगळं पाहिलंय हे त्याला कळतं. माणूस मारणं हे किळसवाणं आणि अंग मोडून काढणारं काम आहे, हे इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारा हेरपट दुर्मीळ.

या सिनेमाला ऑस्करची तीनच नामांकनं होती आणि तिन्ही पुरस्कार मिळाले: संकलन, ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंपादन. तिन्ही बंद खोलीत बसून केलेली कामं. ज्या कामाबद्दल प्रेक्षक ‘काही समजलं नाही’ म्हणत होते, त्या कामाला त्याच धंद्यातल्या लोकांनी मत दिलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता नकलांबद्दल. नंतर कितीतरी वर्षं ॲक्शन म्हटलं की कॅमेरा हलवायचा, असा एक रोग पसरला. सिनेमांत पसरला, मालिकांत पसरला, आमच्या गुन्हेविषयक कार्यक्रमांच्या प्रोमोंपर्यंत आला. दोन माणसं समोरासमोर बसून बोलताहेत आणि फ्रेम थरथरतेय. कशासाठी? कॅमेऱ्याला काय शोधायचंय? बोर्नचा सेकंड युनिट दिग्दर्शक (पाठलाग-मारामारीचं चित्रीकरण वेगळ्या चमूबरोबर करणारा) डॅन ब्रॅडली पुढच्याच वर्षी बाँडच्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’वर होता. त्यातला सुरुवातीचा मोटारींचा पाठलाग बघा: गाड्या महाग, रस्ते सुंदर, पण कोणती गाडी कुठे आहे आणि कोणाला काय दिसतंय ही साखळी तुटलेली. माणूस तोच असून मांडणी हरवली की काय होतं, हे या दोन सिनेमांवरून एका दुपारी शिकता येतं.

रचनेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या भागाचा शेवट न्यूयॉर्कमध्ये होतो. बोर्न दुरून सीआयएची अधिकारी पामेला लँडी (जोन ॲलन) हिच्या खिडकीकडे बघत तिला फोन करतो. तिसऱ्या भागाचा बराचसा भाग त्या शेवटच्या प्रसंगाच्या आधीच घडतो! मग तोच फोन, तीच वाक्यं पुन्हा येतात, आणि या वेळी त्यांचा अर्थ साफ बदललेला असतो. जुनं फुटेज नव्या संदर्भात बसवणं हे आमचं रोजचं काम, पण तीन वर्षांपूर्वी लोकांनी मनात बंद करून टाकलेला प्रसंग असा उघडणं म्हणजे कमाल आहे.

सगळंच उत्तम आहे असं नाही. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर सिनेमा समजावून सांगायला लागतो. बोर्नला मारेकरी म्हणून घडवणारा डॉक्टर हर्श (अल्बर्ट फिनी) आणि बोर्नच्या आठवणींचे ते पांढुरके तुकडे, यांत जे सांगितलंय ते आपल्याला आधीच उमगलेलं असतं. व्होसेनच्या खोलीतली माणसं पडद्यावर जे दिसतंय तेच तोंडाने बोलत राहतात. निकीचा बोर्नशी जुना काही संबंध होता असं सूचित करून तो धागा सोडून दिलाय. शेवटचा मोटारींचा पाठलाग दणकेबाज आहे, पार्किंगच्या गच्चीवरून गाडी उलटी खाली नेण्याची कल्पना भन्नाट आहे, तरी दुसऱ्या भागातल्या मॉस्कोच्या बोगद्यातल्या पाठलागाची सर त्याला नाही. तिथे दोन ड्रायव्हरांचं वैर होतं. इथे जास्त करून पत्रा चेपतो.

जोन ॲलनसाठी मात्र एक वेगळा परिच्छेद हवा. बंदूक नाही, धावपळ नाही, एका खोलीत पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून ती व्होसेनला विचारते की हे संपणार कुठे. स्ट्रॅथर्न थंडपणे उत्तर देतो. त्या दोघांच्या नजरानजरेलाही संकलनाचा तोच नियम लावलाय: एकाला काय कळलं, दुसऱ्याला ते कधी कळतंय. म्हणून फायली आणि फोनचे प्रसंगसुद्धा गच्चीवरच्या धावण्याइतकेच धरून ठेवतात.

बघायचा असेल तर निदान दुसरा भाग आधी बघा, नाहीतर तो फोनचा प्रसंग वाया जाईल. फोनच्या स्पीकरवर बघू नका. चांगले हेडफोन लावा किंवा आवाज मोठा करा, निदान टँजियरच्या खोलीपुरता तरी. आणि एडिटिंग शिकत असाल तर वॉटर्लू एकदा आवाज बंद करून बघा, मग फक्त ऐका, मग दोन्ही एकत्र.