रोज जवळ बाळगण्यासाठी सिग सॉवर पी३६५
अमेरिकेत कायद्याच्या चौकटीत रोज कपड्यांखाली पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी २०१८ साली आलेल्या सिग सॉवर पी३६५ ने निवडीचे गणितच बदलले, कारण जेमतेम अर्ध्या किलोच्या आणि ३.१ इंची नळीच्या या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, या आकाराच्या जुन्या पिस्तुलांत सहा-सात असत तिथे, १० काडतुसे मावतात. सैल शर्टाखाली ते सहज लपते; मात्र आखूड मुठीवर करंगळीला पुरेशी जागा मिळत नाही आणि हलकेपणामुळे धक्का अधिक जाणवतो, म्हणून मोठ्या पंजाच्या व्यक्तीने लपवायला अवघड असले तरी १५ काडतुसांचे ग्लॉक १९ आधी हाताळून पाहावे, असे माझे ठाम मत आहे. होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाचा, खर्च मी पिस्तुलाच्या किमतीतच धरतो. चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर नसेल, तर यांतले कोणतेही पिस्तूल कमरेला लावू नये.