सरप्लस (लिलावातून उरलेले पैसे) काढून देणारी एजन्सी : ५ पैकी २ स्टार

फ्लोरिडात आमचा एक रिकामा प्लॉट होता, घर बदललं तेव्हा पत्ता बदलायचा राहिला आणि टॅक्सच्या नोटिसा जुन्या घरी जात राहिल्या, शेवटी टॅक्स डीडच्या लिलावात (टॅक्स थकला की जमीन विकतात तो) प्लॉट गेला. चूक आमचीच. मग या एजन्सीचं पत्र आलं, 'तुमचे पैसे पडून आहेत, ३० टक्के द्या, काढून देतो.' मला वाटलं फ्रॉडच! पण पैसे खरंच होते. थकबाकी आणि खर्च वजा जाऊन लिलावाचं जे उरतं ते काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) क्लर्ककडे जमा असतं, त्यातून आधी सरकारी बोजे फिटतात, मग बँकबिंक (त्यांना नोटिशीपासून १२० दिवसांत क्लेम करावा लागतो), आणि उरलेलं मूळ मालकाचं.

फोनवरचा माणूस गोड बोलला, पण हाच क्लेम आपला आपण करता येतो हे शेवटपर्यंत बोलला नाही. करारावर सही करणार तेवढ्यात बायको म्हणाली, अहो आधी क्लर्कच्या ऑफिसात विचारा तरी. विचारलं. एक साधा फॉर्म, नोटरीचा शिक्का, ओळखपत्राची झेरॉक्स, बास. याचे ३० टक्के?

मिनेसोटा राज्यात तर काउंटी हे उरलेले पैसेही सगळे ठेवून घ्यायची, ९४ वर्षांच्या जेराल्डिन टायलर आजी सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये ९-० ने जिंकल्या.

दोन स्टार पत्र पाठवलं म्हणून, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं. चेक आलाय, पूर्ण.