आपली गाडी की शाळेची फॉर्म्युला कार?

रेस ट्रॅकवर गाडी पळवायची तर आपली न्यावी, की रेसिंग शाळेची फॉर्म्युला कार (उघड्या चाकांची, एकाच सीटची रेसकार) घ्यावी? दोन्हीत मुंबईकराला पहिला खर्च अंतराचा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचा करी हा ट्रॅक बहुधा गाठावा लागतो.

आपली हॅचबॅक नेली तर हात बसलेला असतो, पण घात ब्रेक करतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यानंतर तर विचारूच नका. ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश; ओल मुरली की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. मग सलग जोरात ब्रेक दाबताना ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. म्हणून निघण्याआधी ऑइल बदला, पॅड पाहा. पहिल्या फेऱ्यांनंतर टायर तापून हवा वाढते; ती गरम असतानाच मोजून कमी करा. चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) तपासा. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शाळेत गाडी, मेकॅनिक, प्रशिक्षक तयार मिळतात. फी टोचते, मोडतोडीचा करार नीट वाचावा. तरी शर्यतच करायची असेल तर शाळाच बरी: एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) शर्यत परवान्याकडे तोच सरळ रस्ता.