बघून काढणं: लंडनमधल्या पदव्युत्तर ड्रॉइंग कोर्सचा अनुभव, परत आल्यावर पाच महिन्यांनी

कोर्स संपून पाच महिने झाले. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि मधल्या डिसेंबरात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या. म्हणून थांबले. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्या एका बाईच्या एका वर्षाच्या आहेत.

आधी माझ्याबद्दल, कारण कोर्स कसा वाटला हे त्यावरच ठरलं. मी कोल्हापूरची. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड, मग फाउंडेशन, बी.एफ.ए., आणि त्यानंतर अकरा वर्षं ग्रेड परीक्षांचे आणि सीईटीचे क्लास. वस्तुचित्र कसं काढायचं हे मी पोरांकडून पाढ्यासारखं घोटून घ्यायचे. उजेड वरून डावीकडून, सावली उजवीकडे. घड्याच्या तोंडाचा लंबगोल चपटा, बुडाचा थोडा फुगीर. स्मरणचित्रात बसस्टॉप आला तर तीन माणसं, त्यातलं एक पाठमोरं, एक छत्रीवालं, आणि कोपरा रिकामा राहिलाच तर कुत्रं. मार्क पडतात. माझा हात इतका बसला होता की घडा समोर नसला तरी अडायचं नाही. घडा समोर असतानाही मी त्याच्याकडे बघत नव्हते, हे मात्र वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं.

कोर्स एक वर्षाचा. पातळी पदव्युत्तर, पण हातात पदवी येत नाही, हे आधीच सांगते. आठवड्यातले तीन दिवस शिकवणी, बाकी वेळ स्टुडिओतल्या आपल्या कोपऱ्यात. फोटोवरून काही काढायचं नाही. मॉडेल, वस्तू, रस्ता, म्युझियम, जे काढाल ते समोर पाहिजे.

पहिल्या आठवड्यात बादली, लाकडी शिडी आणि दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मी चाळीस मिनिटांत संपवलं. शेजारचा मुलगा अजून शिडीच्या पहिल्या पायरीवर घुटमळत होता, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. त्यांनी चित्र बघून एवढंच विचारलं, उजेड कुठून येतोय? मी म्हटलं, डावीकडून. त्या बाजूला झाल्या. खिडकी उजवीकडे होती आणि मागे भिंतीवर ट्यूबलाइट. बादलीच्या दोन सावल्या पडल्या होत्या, एक गडद, एक फिकट. माझ्या कागदावर एकच होती, क्लासमधली. बाईंनी कागद उलटा केला आणि माझ्या हातात वजन बांधलेला दोरा दिला. ओळंबा. आपल्याकडे गवंडी वापरतो तोच.

पहिली टर्म त्या दोऱ्यात गेली. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलवर अंगठा सरकवत मोजायचं. तुम्ही म्हणाल, हे तर आम्हाला आठवीत शिकवलं. मलाही शिकवलं होतं. पण आपण एकदा मोजतो आणि पुढचं मनानं काढतो. तिथं मोजणं संपतच नाही. ही सवय लंडनच्या स्लेड स्कूल या कला महाविद्यालयाकडून आली. 1949 ते 1975 तिथं प्राध्यापक असलेले विल्यम कोल्डस्ट्रीम असं मोजून मोजून रंगवायचे. मोजमापाच्या बारीक खुणा त्यांच्या पूर्ण झालेल्या चित्रांवरही तशाच दिसतात, आणि त्यांचे विद्यार्थी युआन अग्लो यांच्या चित्रांवर तर त्याहून जास्त. आपण असल्या खुणा खोडून मग चित्र जमा करतो.

मॉडेलच्या पोझ दोन मिनिटांपासून दोन आठवड्यांपर्यंत. लांब पोझला पायाभोवती खडूनं रेघ ओढतात, म्हणजे चहाच्या सुट्टीनंतर माणूस त्याच जागी उभा राहतो. दोन आठवड्यांच्या पहिल्या पोझमध्ये चौथ्या दिवसापर्यंत माझ्या कागदावर गुडघा तीनदा सरकला होता. मी मनात मॉडेलला दोष देत होते. मग लक्षात आलं, तो जागचा हललेला नव्हता, मीच स्टुलावर बूड सरकवत होते. त्या दिवशी मी स्टुलाच्या पायांनाही खडू लावला.

न्यूड मॉडेलबद्दल गावी सगळे विचारतात, तेही आवाज बारीक करून. पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं, मग खांद्याचा कोन चुकायला लागतो आणि लाज राहते बाजूला. आपल्याकडे मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1919 च्या सुमारास असा लाइफ क्लास सुरू केला होता, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली. माझ्या कॉलेजात मॉडेल म्हणून नऊवारीतल्या एक मावशी बसायच्या. खरं सांगते, नऊवारीचा काष्टा उघड्या पाठीपेक्षा अवघड.

सगळ्यात जास्त वसूल झालं ते म्युझियममध्ये. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्लास्टरच्या प्रतिकृतींची दोन प्रचंड दालनं आहेत, 1873 मध्ये उघडलेली. रोममधला ट्रेजनचा स्तंभ छताखाली मावेना, म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभा केलाय. मी तिथं सोळा गुरुवार बसले. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी डोक्यात प्रकाश पडला की आपलं मूळ इथंच आहे. एकोणिसाव्या शतकात चित्रकला शिकवायचा जो 23 टप्प्यांचा अभ्यासक्रम ठरला तो, हे म्युझियम आहे त्या साउथ केन्सिंग्टनच्याच नावानं ओळखला जातो. आधी रेघ, मग भूमितीच्या आकृत्या, मग प्लास्टरचे नमुने, जिवंत माणूस बऱ्याच पुढे. इथल्या इमारतींच्या सजावटीवर काम केलेले लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स 1865 मध्ये मुंबईला जे.जे. त शिकवायला आले, आणि ही शिस्त त्यांच्याबरोबर आली. मी पोरांकडून घोटून घेत होते तो घडा बोटीतून आला होता तर!

ग्रिफिथ्सनी 1872 ते 1885 जे.जे. च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. लेण्यातला अंधार, आणि समोर पोपडे उडालेली भिंत. त्या नकला लंडनला याच संग्रहात आल्या आणि 1885 च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांनी वीसेक वर्षं खपून केलेल्या नकलांपैकीही बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत गेल्या होत्या. दोन्ही वेळा आग इंग्लंडातच. हे वाचलं त्या दिवशी मी ट्रेजनचा स्तंभ काढला नाही. कँटीनमध्ये चहा घेत बसून राहिले.

ब्रिटिश म्युझियमच्या रेखाचित्रांच्या अभ्यासिकेत आधी वेळ घेऊन जाता येतं. तिथं फक्त पेन्सिल चालते, पेन बाहेर. मी रेम्ब्राँ मागवला, सतराव्या शतकातला डच चित्रकार. त्यानं 1656 ते 1661 च्या दरम्यान मुघल लघुचित्रं बघून बरीच रेखाटनं केली. त्यातलं झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचं चित्र इथं आहे. आयुष्यात कधी हिंदुस्थान न पाहिलेला माणूस, समोर पराया पद्धतीचं चित्र, आणि तरी त्यानं ते आपल्याला येतं तसं न काढता समोर दिसतं तसं काढायचा प्रयत्न केलाय. मूळ लघुचित्रात सावली नाही, ह्याला सावलीशिवाय करमत नाही. त्या ओढाताणीची नक्कल करण्यात माझे तीन तास गेले. अख्ख्या वर्षातला माझा सगळ्यात चांगला कागद तोच असेल.

आता तक्रारी. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. नैसर्गिक उजेडावर चालणारा कोर्स, आणि जेवून येईपर्यंत उजेड गायब. संस्थेला हे माहीत असणारच, पण वेळापत्रक बारा महिने तेच. स्टुडिओ थंडगार. मी बोटं कापलेले हातमोजे घालून चारकोल धरत होते आणि घरी व्हिडिओ कॉलवर सगळं मस्त आहे म्हणून सांगत होते. शरीरशास्त्र पद्धतशीर कुणी शिकवलं नाही. गुडघ्याच्या वाटीखाली काय आहे ते ज्यानं त्यानं स्वतः शोधायचं. दर सहा आठवड्यांनी सगळ्यांची चित्रं भिंतीला लावून चर्चा व्हायची. त्यात एक सर प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, ‘इंटरेस्टिंग’ म्हणायचे. एवढ्या लांब जाऊन ‘इंटरेस्टिंग’ ऐकायचं असेल तर काका-मामा पुरे आहेत.

पैसे. फी माफ होती, तरी दहा महिन्यांत खोली, जेवण, प्रवास आणि कागद मिळून 12,000 पौंडांच्या आसपास गेले, आणि इथले क्लास बंद ते वेगळंच. विलो चारकोल तिथं स्वस्त, चांगला जाड कागद महाग. मी निम्मं वर्ष न्यूजप्रिंटवर काढलं. ते कागद आत्ताच पिवळे पडायला लागलेत. पदवी नसल्यामुळे इथं सहायक प्राध्यापकाच्या अर्जात हे वर्ष कुठं लिहायचा प्रश्नच नाही. नोकरीसाठी जायचं असेल तर जाऊ नका, सरळ एम.एफ.ए. करा. नुकती डिग्री झालेल्यांनीही दोन-चार वर्षं थांबावं असं मला वाटतं. मोडायला आधी काहीतरी घट्ट बसलेलं लागतं.

परत आल्यावर मी क्लास पुन्हा सुरू केले आणि पहिल्याच रविवारी पोरांना तासभर एक पितळी तांब्या नुसता बघायला लावला. पेन्सिल बंद. मंगळवारी एका आईचा फोन. मॅडम, हे परीक्षेत येणार आहे का? रास्त प्रश्न. आता दोन बॅच आहेत. परीक्षेच्या बॅचला मी अजूनही चपटा लंबगोल आणि डावीकडचा उजेड शिकवते, कारण त्यांना ग्रेडचे वाढीव गुण हवे असतात आणि मला घरभाडं द्यायचं असतं. दुसऱ्या बॅचला पाच पोरं येतात. त्यातल्या एकानं तांब्यात दिसणारी खिडकी काढली, खिडकीतली मीही काढली, बुटकी आणि जाडी.

माझं स्वतःचं काम रोज दीड तास, सकाळी. वेग कमी झालाय तो परत आलेला नाही. पूर्वी दिवसाला दोन व्यक्तिचित्रं ऑर्डरची व्हायची, आता एकाला तीन दिवस लागतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं की पहिल्यासारखं गोड येत नाही.

हल्ली गंगावेशीत जाते. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, लोक समोर धार काढून घेऊन ग्लास तोंडाला लावतात. म्हशीच्या पायाभोवती खडूनं रेघ मारता येत नाही. मान वळते, शेपूट फिरतं, मधेच धार संपते आणि म्हैस चालायला लागते. दोन मिनिटांच्या पोझचा सराव इथं कामी येतो. एक गवळी रोज माझ्या वहीत डोकावतो. पहिले काही दिवस म्हणायचा, ‘आवं बाई, मोबाइलवर फोटू काढा की, पटकन हुईल.’ परवा तो वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, ‘शिंगं आखूड काढलीसा की ओ. ही पंढरपुरी हाय, मुऱ्हा न्हवं.’

मी पेन्सिल धरून हात ताठ केला, डोळा मिटला आणि मोजलं. शिंग मागं जाऊन खांद्याच्याही पलीकडं पोचलं होतं. माझ्या कागदावर ते मानेवरच थांबलं होतं.